साठपर्यंत

एनेलेसी नामाख्वा मंगळवारी येते,
गोळ्यांच्या दिवशी.
काचुलूच्या धक्क्यावरून, कुणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर,
मांडीवर सुक्या मासळीची टोपली.
चौदा वर्षं. एक तारीख चुकली नाही तिची.
डबीत कापूस कोंबते, म्हणजे चालताना गोळ्या वाजत नाहीत.
शेजारणींना अजून माहीत नाही,
किंवा माहीत आहे आणि त्याही कापूस कोंबून बसल्यात.

रक्ताचा कागद स्वच्छ.
विषाणू मोजता येऊ नये इतका दबलेला.
"म्हणजे माझं देणं फिटलं ना, फालेसी?"
दर वेळी विचारते, आणि मी शिक्का मारते.

गोळ्यांच्या खिडकीपासून माझी खोली चार पावलं.
ती चार पावलं चालायला तिला नऊ वर्षं लागली.
मला सहा लागली होती,
आणि मी तर इथली नर्स.

पुस्तकात त्याला ग्रीवा म्हटलंय, कुठे मुख.
आमच्या चिचेवात ते दार आहे, कुशीचं दार.
मला दारच बरं वाटतं.
मानेला काय सांगायचं, तोंडाला काय विचारायचं?
दाराचं मात्र बाईला सगळं ठाऊक असतं:
कडी कधी सैल झाली,
कोण न विचारता आत आलं,
कुणाला आपणच उघडलं.

मी तिला सांगते,
हा दुसरा विषाणू बहुतेक सगळ्यांकडे येऊन जातो.
अंगात धमक असली की अंगच त्याला वाटेला लावतं.
तुझ्याकडे तेव्हा पहिला ठाण मांडून होता,
घरची सगळी माणसं त्याच्याशी झगडत होती.
हा दाराशीच बसून राहिला, गुपचूप.
गोळ्या आल्या, पहिला नमला.
याला कुणी ऊठ म्हटलंच नाही.

"अजून बसलाय?"
बघू. खाली सरक. गुडघे सैल सोड.

बाटलीत व्हिनेगर,
बाजारात तळलेल्या बटाट्यावर शिंपडतात तेच, पाणी घातलेलं.
कापसाचा बोळा भिजवला, टेकवला.
आता साठपर्यंत मोजायचं.

आमच्या भाषेत पाचाच्या पुढे आकडे लांबत जातात,
म्हणून सगळ्या इंग्रजीत मोजतात.
एनेलेसी आकडे मोजत नाही.
छताकडे बघत ती नावं घ्यायला लागली:
दोरिका. एस्नार्ट. नासिबेको.
आबिती साईदी, जिला वास येतो म्हणून नवऱ्याने वेगळी चटई दिली.
जाळी विणणारी लोनेली, जी कंबर दुखते म्हणाली
आणि कंबरेवरच औषध घेत राहिली.
एकेक नाव, एकेक श्वास.
सगळ्या तिच्याच रांगेतल्या,
त्याच खिडकीतून, त्याच मंगळवारी गोळ्या नेणाऱ्या.
सतराव्या नावावर ती थांबली.
पुढचे आकडे मी मोजले.

पांढरं उमटलं.
चिल्वा तळं आटतं तेव्हा काठाला मिठाची साय धरते, तसं.
तिची कड दिसत होती. सगळीकडून नाही.
एका बाजूने ती आत वळून गेली होती,
माझ्या दिव्याच्या पलीकडे.
माझ्याकडचं तापवायचं टोक तिथवर पोचत नाही.

तिला म्हटलं, झोम्ब्याला जावं लागेल, चिठ्ठी देते.
म्हटलं, हा कदाचित अजून कॅन्सर नाही.
कदाचित हा शब्द मला नीट म्हणता येत नाही,
इतक्या वर्षांत जमला नाही.

देणं फिटलं का, हे आज तिने विचारलं नाही.
"आरसा आहे?
दार माझं आहे ना, मला बघू दे."

होता. बेसिनवरचा, कोपरा उडालेला.
खिळ्यावरून काढला, हात कापत होता, माझा.
ती बराच वेळ बघत राहिली,
घेण्याआधी माशाचे कल्ले उचलून बघावेत तशी,
न बिचकता, फसवणूक शोधत.

मग पाय खाली सोडले,
चितेंजे कमरेला घट्ट गुंडाळलं, टोपली उचलली.

"बसला किती घेतात?"